पाटीवरचा तिचा नंबर

घरं विकून देण्याच्या धंद्यात माझं आयुष्य गेलं. शाळा चौथीपर्यंतच, त्यामुळे पाट्या बायको रंगवायची. पत्र्याला पिवळा हात, तो वाळला की लाल अक्षरं, 'घर विकणे आहे', आणि खाली तिचा मोबाइल नंबर. माझा नव्हे. मी एकदा एका गिऱ्हाइकाला फोनवरच विचारलं होतं, "ऐपत हाय का तुमची?" त्या दिवसापासून फोन तिच्याकडं.

तिची एक रीत होती. फोन आला की किंमत सांगायची नाही. आधी विचारायची, "घरात माणसं किती? म्हातारं कोण हाय का?" म्हातारं असलं तर जिन्याचं घर दाखवायचीच नाही. मी म्हणायचो, "अगं, घर विकतीयस का सोयरीक जमवतीयस?"

"दोन्ही एकच की," म्हणायची.

गेल्या आषाढात ती गेली. तिचा मोबाइल मी देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवला. चार्जिंग मात्र रोज करायचो. का ते विचारू नका. पहिले दोन फोन उचलले. "वहिनी हाईत का?" असं कोणी विचारलं की फोन तसाच ठेवून द्यायचो. मग उचलायचंच सोडलं. वाजू दे म्हटलं.

तिनं रंगवलेली शेवटची पाटी तेव्हा पन्हाळा रस्त्याकडच्या एका घराच्या फाटकाला होती. घरात एक जैन म्हातारी एकटीच. आम्ही त्यांना आक्का म्हणायचो. गुडघे गेलेले, लेकीकडं वारणानगरला जायचं होतं, पण घर रिकामं टाकून जायला जीव धजत नव्हता. मी अधूनमधून जायचो आणि सांगायचो, "गिऱ्हाईकच न्हाय, आक्का. बाजार थंड हाय."

एकदा त्यांनी मला पायरीवर बसवलं. "समोरच्या दुकानात तिघंजण चौकशी करून गेलीत. पाटीवरच्या नंबरला फोन लावून कटाळली म्हणं. कोण उचलतच न्हाय."

मी उठायला लागलो, तशा त्या म्हणाल्या,

"बायको गेली तुझी. माझंबी धनी गेलं, मला कळतंय. पण तुझ्या दुःखापायी मी हितं किती दिस अडकून बसू?"

"चुकलं, आक्का. पाटी काढतो. दुसरा एजंट बघा."

"एजंट कशाला बदलू? फोन उचल की लेका!"

त्या दिवसापासून तिचा फोन खिशात ठेवला. दोन दिवसांनी मी वांगी चिरत असताना वाजला. "वहिनी हाईत का?"

"वारल्या. मी नवरा बोलतोय त्यांचा."

पलीकडचा माणूस अवघडला. नंतर करतो म्हणायला लागला. मी घाईनं म्हणालो, "थांबा की पावणं. घरात माणसं किती? म्हातारं कोण हाय का?"

त्याची आई होती, पायानं अधू. आक्कांचं घर बैठं, चढायला तेवढी एकच पायरी. म्हटलं, आईला घेऊनच या बघायला.

आक्का लेकीकडं गेल्या. पाटी मी सोडून आणली. हल्ली सगळे एजंट स्वतःच्या फोटोचा फ्लेक्स लावतात. आमच्यात तोच पत्रा पुन्हा रंगवून दुसऱ्या घराला लावायचा. या खेपेला रंगवला नाही. ओल्या फडक्यानं पुसला आणि पुढच्या फाटकाला तसाच बांधला. नंबर तिचाच आहे. उचलतो मी.