वामनरावांच्या कुलपातलं यंत्र

चंद्रपूरच्या एका धर्मादाय इस्पितळात शहाऐंशी साली सोनोग्राफीचं यंत्र आलं आणि भांडारपाल वामनरावांच्या ताब्यात गेलं. त्यांनी ते इतकं जपलं की दोन वर्षांत एकाही रोग्याला त्याचा उपयोग होऊ दिला नाही. पाहुणे आले की ते कुलूप काढत, फडकं मारत. पाहुणे माना डोलावत आणि पुन्हा कुलूप. डॉक्टरांनी मागितलं, तर अगदी प्रेमानं विचारत, "साहेबाची सही आनली काय?" साहेब, म्हणजे अधीक्षक, आठवड्याचे चार दिवस नागपुरात असत.

अशात नागभीडहून त्यांच्या सासूबाई, ठमाबाई, स्ट्रेचरवरून आल्या. नाडी मिनिटाला तीस. जांघेतल्या शिरेतून हृदयापर्यंत तार सरकवायची आणि तिनं हृदयाला ठोके द्यायचे, असं तरुण डॉक्टर गेडामांनी ठरवलं. पण शीर सापडेना. सुई दोनदा टोचली, दोनदा भलतीकडे गेली.

गेडाम बाहेर आले. "वामनरावभाऊ, अंदाजानं किती टोचू? यंत्र द्या. शीर बघत बघत सुई घालतो."

"त्याले साहेबाची..." वामनराव सवयीनं बोलून गेले.

बाकावरून त्यांची बायको अंजनाबाई शांतपणे म्हणाली, "माय आत मरून राह्यली. तुमी सही पाह्यत बसा."

वामनरावांनी जन्मात पहिल्यांदा सहीवाचून कुलूप काढलं. काढताना दोनदा मागं वळून पाहिलं, जणू दुसऱ्याचंच घर फोडतायत. आत यंत्राच्या टोकाला लावायच्या जेलीची नळी वाळून दगड झालेली. तीही त्यांनी जपली होती. मग गेडामांनी जेलीऐवजी निर्जंतुक हातमोज्यात जवसाचं तेल ओतून त्यात यंत्राचं टोक घातलं. पडद्यावर दोन काळे गोल दिसले. दाबल्यावर उडत राहिली ती धमनी, चपटी झाली ती शीर. सुई पहिल्याच झटक्यात आत, तिच्यातून तार थेट हृदयापर्यंत. नाडी सत्तरवर.

दुसऱ्या दिवशी अहेरीकडचा लालसू नावाचा रोगी आला, तोच आजार. गेडामांनी यंत्र मागितलं. वामनराव आता सावरले होते.

"सही आनली काय?"

पलीकडच्या खाटेवरून ठमाबाईंचा आवाज आला. "जावाईबापू, चाबी देता का बरी झाल्यावर तुमच्याच घरी राहाले येऊ? कायमची?"

चावी गेडामांच्या हातात पडली. वामनरावांनी ती परत कधी मागितली नाही.