हवेतून गेलेला फोटो

कुठेही तार दिसली, की काकाजी ती दोन बोटांत धरायचे, मान जराशी कलती करायचे आणि निकाल द्यायचे. "बोलून राहिली." नाहीतर, "मेली." टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून उभा जन्म काढलेला माणूस. एकदा तर आमच्या अंगणातली कपडे वाळत घालायची तार धरून त्यांनी "बोलून राहिली" असं जाहीर केलं. बायकोनं विचारलं, "काय म्हणते?"

"मास्तर घरात काडीचं काम करत नाही म्हणते."

मास्तर म्हणजे मी. तार खोटं बोलत नव्हती.

निवृत्तीनंतर परतवाड्याच्या आमच्या चर्चमधले पंखे, माईक आणि प्रोजेक्टर आपोआप काकाजींच्या हवाली झाले. कोणी नेमलं नाही, कोणी विचारलं नाही. उपासनेच्या तासभर आधी येऊन ते प्रत्येक तारेची नाडी बघत. मी पंचकमिटीचा सेक्रेटरी, म्हणजे त्यांच्या मागे फिरून "झालं का?" विचारणारा. असा एक माणूस तुमच्याही गल्लीत असेल बघा. तो असतो तोवर कोणाला त्याची आठवण होत नाही, आणि तो एक दिवस गावाला गेला की माईक शिट्ट्या मारायला लागतो.

अशा माणसापुढे आमच्या कमिटीनं बिनतारी डबी आणून ठेवली. ती प्रोजेक्टरला खोचायची, लॅपटॉपवर तिचं नाव निवडायचं, की चित्र हवेतून थेट पडद्यावर. अमरावतीच्या दुकानदारानं त्याच दिवशी आमच्या शेजारच्या लग्नाच्या हॉललाही तशीच एक डबी बसवली होती. काकाजींनी आमची डबी हातात घेऊन उलटीपालटी केली. बोटांत धरायला काही सापडेना.

"मंग ही जिती का मेली, समजन कसं?"

"लाइट लागतो काकाजी," दुकानदार म्हणाला.

"लाइट तं दारूच्या दुकानालेही लागते."

एरवी त्यांनी ती डबी चर्चमध्ये टिकू दिली नसती. पण त्या वर्षी त्यांना पडद्यावर फोटो हवे होते. कपाशीवर फवारणी करता करता माणसं चक्कर येऊन पडत होती, दवाखाने भरत होते. काकाजींचा जावई मजुरीनं फवारणीला जायचा. अंगात बनियन, पाय उघडे. औषध हातानंच ढवळायचा आणि त्याच हातावर तंबाखू मळायचा. एकुलत्या एका लेकीचा नवरा, आणि दोनदा लोकांनी त्याला शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, उचलून घरी आणलेलं.

"बोललेलं त्याले ऐकूच येत नाही मास्तर," काकाजी म्हणायचे. "डोयानं पायलं का मंग समजन त्याले." म्हणून महिनाभर माझ्या मागे लागून त्यांनी अकोल्याच्या एका डॉक्टरांना बोलवायला लावलं. हे डॉक्टर असे रुग्ण तपासत आणि त्यांचे फोटो लॅपटॉपवर दाखवून गावोगाव सांगत.

कार्यक्रमाच्या रविवारी दुपारी मी चर्चमध्ये गेलो, तर अर्धे बाक भिंतीकडे सरकवलेले. लॅपटॉपच्या टेबलापासून प्रोजेक्टरपर्यंत काथ्याच्या दोन दोऱ्या बांधून काकाजींनी मधली जागा मोकळी करून ठेवली होती.

"हे काय काकाजी?"

"फोटो जायाची वाट. लाइनीत फांदी आली तं आमी फांदी तोडत होतो. इथं माणसं कशी तोडू?"

मी समजावून बघितलं. ते ऐकून घेत होते, पण दोरीची गाठ आवळत होते. मंडळी जमू लागली आणि जो कोणी ती वाट ओलांडेल त्याच्यावर काकाजी ओरडू लागले. "झुका! झुका!" बाया पदर सावरत वाकून गेल्या. पाळकसाहेब बायबल छातीशी धरून वाकून गेले. हे सगळं दारातून बघणारे अकोल्याचे डॉक्टर बूट काढून, चांगले कमरेत वाकून टेबलाशी पोचले आणि हळूच मला म्हणाले, "प्रार्थनेआधी असंच करतात का इथं?"

मी हो म्हणालो. दुसरं काय सांगणार?

पहिल्या बाकावर काकाजींनी जावयासाठी रुमाल टाकून जागा धरली होती. लेक आली ती एकटीच. "बाबा, ते शेजारी दावतीले गेले. बिर्याणी हाय म्हणे." शेजारच्या हॉलमध्ये गावातल्या एका कापूस व्यापाऱ्याच्या मुलाचा वलीमा होता, म्हणजे लग्नानंतरची दावत, आणि निम्मं गाव तिकडेच जेवत होतं. काकाजींनी रुमाल उचलला, घडी करून खिशात ठेवला. "सुरू करा," म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना.

डॉक्टरांना लॅपटॉपवर एकच नाव दोनदा दिसलं. त्यांनी वरचं निवडलं, पडद्याकडे पाठ करून आमच्याकडे तोंड केलं आणि बोलायला लागले.

"हा पेशंट बघा. डोळे लाल, घाम सुटलाय, तोंडातून शब्द फुटत नाही."

पडद्यावर शेरवानी घातलेला, फुलांनी लादलेला नवरदेव होता. घाम खरोखरच सुटला होता.

"घरच्यांना वाटलं, नुसता थकवा आहे. नातेवाइकांनी दोन्ही बाजूंनी धरून आणलं." फोटो बदलला. नवरदेवाला दोन मामांनी मिठी मारलेली. "अशा वेळी पहिलं काम म्हणजे याचे सगळे कपडे उतरवा आणि साबणानं धुऊन काढा."

मंडळी हसत सुटली. पाळकसाहेबांनी तोंडात रुमाल कोंबला. दुकानदारानं दोन्ही डब्यांचं कारखान्यातलं नाव तसंच ठेवलं होतं. आमच्या डॉक्टरांनी हॉलची डबी धरली आणि हॉलच्या फोटोग्राफरनं आमची.

काकाजी तेवढे हसले नाहीत. "फोटो निघाला तं कुठं तरी पोचलाच असन," म्हणाले आणि फॉल्ट शोधायला निघावं तसे तरातरा बाहेर पडले. मी मागे. कुंपणाच्या भिंतीशी विटा रचलेल्या होत्या, त्यांवर आम्ही दोन म्हातारे चढलो. समोरच हॉलची मोठी खिडकी होती.

दावत चिडीचूप झाली होती. भिंतीएवढ्या पडद्यावर दवाखान्यातली खाट, नळ्या लावलेला तरणा माणूस आणि खाटेला धरून उभी एक लहान मुलगी. लोक हातात ताटं घेऊन जागच्या जागी थांबलेले. सगळ्यांच्या पुढे काकाजींचा जावई. त्याचा घास हातातच राहिला होता. त्यानं तो ताटात ठेवला, ताट खाली ठेवलं, नळाशी जाऊन हात धुतले, वास घेऊन बघितला, पुन्हा धुतले. मग येऊन परत त्याच जागी उभा राहिला.

"हालू नका मास्तर," काकाजी माझा दंड आवळत पुटपुटले. आणि एकदम त्यांना काय आठवलं, उडी मारून चर्चकडे पळाले. आत पाळकसाहेब डबी उपसायच्याच बेतात होते.

"हात नका लावू! पोचला! फोटो पोचला!"

मागोमाग फाटकात नवरदेवाचे वडील येऊन उभे राहिले. "पादरीसाब, फोटो तो आ रए, समझाने वाला किधर है?" आम्ही माफी मागून झालेला घोळ सांगितला, फोटो परत देतो म्हणालो. ते म्हणाले, "शादी के फोटो तो घर में भी देख लेंगे. मेरे खेत में भी मजूर जाते हैं."

तोवर काकाजींच्या खांद्यावर माईकच्या वायरीचं भेंडोळं चढलंही होतं. वायर भिंतीवरून टाकली, हॉलमध्ये कर्णा बांधला, वायर दोन बोटांत धरून बघितली आणि डॉक्टरांना खूण केली. फोटो हवेतून, आवाज तारेतून. पुढचा तासभर आमच्या चर्चमध्ये नवरदेव हार घालून घेत राहिला आणि डॉक्टर दोन्हीकडे विषावर बोलत राहिले. शेवटी सगळ्या मंडळीनं बिर्याणी खाल्ली. इतकं गमतीचं आणि इतकं उपयोगाचं व्याख्यान मी दुसरं ऐकलं नाही.

काकाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. झोपेतच गेले. माईक शिट्ट्या मारतो आणि आम्ही एकमेकांकडे बघतो. मला त्यांची फार आठवण येते.

गेल्या फवारणीच्या दिवसांत अचलपूरहून येताना रस्त्याकडेच्या कपाशीत पंपवाला दिसला. डोळ्यांवर चष्मा, तोंडाला फडकं, कोपरापर्यंत रबरी मोजे, गळ्यापर्यंत बटणं लावलेला लांब बाह्यांचा शर्ट. ऊन तर असं होतं, की मला छत्रीतही सोसेना. मला बघून तो धुऱ्यावर आला, फडकं खाली केलं. जावईच.

"सलाम मास्तर."

"सलाम. उकडत नाही का रे?"

"जीव चालला उकडून. पण एक बटन काढाव म्हटलं का म्हातारा डोयासमोर येते." त्यानं बाहीनं कपाळ पुसलं. "जिता होता तवा त्याचं एक ऐकलं नाही मी. आता तो काही म्हणतच नाही, तं ऐकाच लागते."

एवढं बोलून त्यानं वरचं बटण लागलंय का ते चाचपून बघितलं, फडकं नाकावर ओढलं आणि पुन्हा कपाशीत शिरला.