सर्वांत कमी गोल खाल्लेली टीम

लंडनमधल्या हॅरोच्या आमच्या कॉलेजात मुलींची फुटबॉल टीम निघाली तेव्हा गोलकीपर व्हायला कोणी तयार नव्हतं, म्हणून मी झाले. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. पहिल्या सीझनमध्ये आम्ही जवळजवळ सगळ्या मॅच हरलो. पीईचे सर दर सोमवारी सगळ्या टीम्सचे आकडे कॉरिडॉरमधल्या बोर्डावर लावायचे: कुणी किती गोल केले, किती खाल्ले. गोल खाण्यात आम्ही कॉलेजचा आजवरचा उच्चांक मोडला. मुलांच्या टीममधली पोरं ते वाचून हसायची.

बाबा हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. पेरेंट्स ईव्हनिंगला आले आणि बोर्डापुढेच थांबले.

"हे सगळे गोल तू खाल्लेस?"

"हो."

मला वाटलं, झालं, आता खेळणं बंद. बाबांनी विचारलं, "उंच बॉल आला की काय करतेस?"

"डोळे मिटते."

"मग आधी ते बघू."

त्या समरमध्ये ड्यूटी नसेल त्या शनिवारी ते मला पार्कात न्यायचे. किक मारणं त्यांना जमायचं नाही, म्हणून बॉल हातानंच फेकायचे, उंच, थेट नाकावर येईल असा. आई बाकावरून म्हणायची, "अहो, तिचा चेहरा सांभाळा." ऑगस्टपर्यंत माझे डोळे उघडे राहायला लागले.

दुसऱ्या सीझनमध्ये आम्ही जिंकू लागलो. शेवटच्या मॅचआधी सर म्हणाले, "आज गोल खाल्ला नाहीत, तर एका सीझनमध्ये सर्वांत कमी गोल खाल्ल्याचा कॉलेजचा रेकॉर्ड तुमचा. मुलांच्या टीम्स धरून."

मॅच हाउन्सलोला होती. आम्ही एक-शून्यनं पुढे होतो आणि अगदी संपता संपता त्यांना पेनल्टी मिळाली. बॉल उजव्या कोपऱ्यात वर आला. मी तो शेवटपर्यंत पाहिला आणि झेपावले. बोटांना लागून तो बारवरून गेला. शिट्टी वाजली तेव्हा अख्खी टीम माझ्या अंगावर होती आणि मला चिखलाशिवाय काही दिसत नव्हतं.

सोमवारी मुलांचा गोलकीपर बोर्ड वाचत उभा होता. मला पाहून त्यानं हात पुढे केला. माझी बोटं सुजली होती, म्हणून मी डावा हात दिला.

त्या संध्याकाळी बाबांनी पुण्याला आजोबांना फोन लावला. आजोबांना फुटबॉलमधलं काही कळत नसे. "पहिली आली का?" एवढंच त्यांनी विचारलं.

"हो, पहिली," बाबा म्हणाले.