लिमये काकू ओ देत नसत

लिमये काकूंना हाक मारली तर त्या ओ देत नसत. कान तिखट होते त्यांचे. सतराव्या मजल्यावर बसून खाली बस थांबल्याचं त्यांना कळायचं. पण हाकेला ओ नाही. होनोलुलूच्या विमानतळावर त्या मला पाठमोऱ्या दिसल्या. अंगात फुलाफुलांचा ढगळ झगा आणि डोक्यावर घट्ट अंबाडा. अख्ख्या विमानतळावर अंबाडा घातलेली बाई ती एकच. मी तीनदा "काकू!" म्हणून ओरडले. मान हलली नाही. शेवटी बॅगा ओढत समोर जाऊन उभी राहिले तेव्हा म्हणाल्या, "हं, आता बोल. माणूस डोळ्यांना दिसल्याशिवाय मी ओ देत नाही." मनात म्हटलं, शलाकाबाई, दीड महिना कठीण आहे.

मी मूळची नागपूरची, म्हणजे उन्हाची. अमेरिकेतल्या बेलव्ह्यूचा ढगाळ हिवाळा मला तिसऱ्या वर्षी सोसेना. भारतात जावं तर व्हिसाची भानगड. ऑफिसने दीड महिना कुठूनही काम करायची परवानगी दिली, तशी मी अमेरिकेतच राहून जेवढं लांब जाता येईल तेवढं गेले. नवरा बेलव्ह्यूतच राहिला. शेजारच्या मावशींनी काकूंची ओळख काढून दिली. एकट्या राहतात, एक खोली देतील, मासे फार चांगले करतात, एवढीच माहिती होती. तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या.

काकू मूळच्या गुहागरकडच्या. आयुष्यभर एका प्रयोगशाळेत त्यांनी पिण्याच्या पाण्याचे नमुने तपासले. "खात्री झाल्याशिवाय सही नाही" हे त्यांचं ब्रीद होतं आणि ते त्या पाण्यापुरतं ठेवत नसत. भाजीवाल्याने "आजचंच आहे" म्हटलं की देठ मोडून बघत. मी "पोट भरलं" म्हटलं तरी माझ्या ताटाकडे पाहून स्वतः ठरवत. माझं ऑफिस पहाटे सहाला सुरू व्हायचं, कारण तेव्हा बेलव्ह्यूत आठ वाजलेले असायचे. काकू त्याआधी उठून माझ्या लॅपटॉपशेजारी चहा ठेवत आणि म्हणत, "घे, म्हणजे त्या मेल्या मीटिंगमध्ये जांभया यायच्या नाहीत."

एक गोष्ट मात्र मला समजत नव्हती. रोज बाराच्या सुमाराला काकू गॅस बंद करून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायच्या. हात मांडीवर आणि तोंड लनाईकडे. तिथे बाल्कनीला लनाई म्हणतात. समोर नुसता समुद्र, ऊन इतकं लख्ख की डोळे मिटावेत. दहा मिनिटं अशी जायची. मग उठून पानं घ्यायच्या. मला वाटलं, जप करत असतील.

दुसऱ्या आठवड्यात मी विचारलंच. काकूंनी सरळ उत्तर दिलं, जसं कोणी बसची वेळ सांगावी.

"हे येतात. लनाईतून हाक मारतात. 'अगं, ऐकलंस का?' एकदाच."

'हे' म्हणजे लिमये काका. अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी ते नेहमीसारखे पोहायला गेले आणि परत आले नाहीत. समुद्राने काहीच परत दिलं नाही.

मी हसण्यावारी नेलं. "काकू, खाली कोणीतरी मराठी टुरिस्ट असेल."

"रोज बाराला? आणि सतरा मजले ऐकू जाईल असा?" त्या म्हणाल्या. "आवाज यांचाच आहे. पण अजून मी ओ दिलेली नाही. 'अगं' कोणीही म्हणेल गं, आणि कोणत्याही बाईला म्हणेल. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, यांनी माझं नाव कधी घेतलं नाही. तिकडून एकदा 'वत्सला' अशी हाक येऊ दे. मग मी ओ देईन, आणि जायचं असलं तर जाईनही."

मला त्यांची दया आली. एकटेपणाने माणसाचं असं होतं, असं मी नवऱ्याला फोनवर शहाण्यासारखं समजावलंसुद्धा. बाराला मी नेहमी मीटिंगमध्ये असायची आणि कानांवर हेडफोन असायचा, त्यामुळे मला कधी काही ऐकू आलं नव्हतं.

त्या मंगळवारी काकू मासे आणायला गेल्या होत्या आणि त्यांना उशीर झाला होता. हेडफोनचं चार्जिंग संपलं म्हणून मी लॅपटॉपच्या स्पीकरवरच मीटिंग चालू ठेवली. मागून पुरुषाचा शांत, जरासा घोगरा आवाज आला.

"अगं, ऐकलंस का?"

घरी नवराही मला असंच बोलावतो. डोकं कामात होतं. तोंडातून निघून गेलं, "ओ! आले, आले."

मग हात कीबोर्डवरच थांबले. तेवढ्यात स्क्रीनवरून आमच्या टीममधला, मूळचा पुण्याचा अनिकेत म्हणाला, "शलाका, म्यूट कर ना यार. आणि जाऊन बघ, कोण काका बोलावतायत तुला."

म्हणजे त्यालाही ऐकू गेलं होतं. मी लनाईत गेले. प्लास्टिकची खुर्ची, वाळत घातलेला पंचा आणि ऊन. खाली माणसं मुंग्यांएवढी दिसत होती.

काकू आल्यावर मी सगळं सांगितलं. वाटलं, आता रागावतील. त्या माशांची पिशवी हातात तशीच धरून उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "मग? पुढे काय म्हणाले?" त्या आवाजातला हेवा ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अकरा वर्षं जी ओ त्यांनी जपून ठेवली होती, ती मी कामाच्या गडबडीत देऊन बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी मीटिंग कॅन्सल केली आणि काकूंच्या शेजारी बसले. बारा वाजले. पडदा हलत नव्हता. कालचाच आवाज आला, अगदी मायेने.

"शलाका."

काकू उठल्या आणि लनाईचं काचेचं दार त्यांनी ओढून कडी लावली. ते दार मी पहिल्यांदाच बंद झालेलं पाहिलं. वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला.

"हे नव्हेत," त्या म्हणाल्या. "माझं नाव घेतलं नाही ते तुझं घेतील होय? तुला तर ओळखतही नाहीत हे." मग स्टुलावर मटकन बसल्या. "शलाका, अकरा वर्षं मी रोज कोणाजवळ बसत होते गं?"

मी त्यांचा हात धरला. तो गार होता. मला रडू आलं, त्यांना आलं नाही. दोन मिनिटांत उठून त्या कामाला लागल्या. माझं दुपारचंच तिकीट काढायला लावलं, कपडे बॅगेत कोंबले. "काकू, तुम्हीपण चला माझ्याबरोबर," मी म्हटलं. "मी गेले आणि हे खरंच आले तर?" त्या म्हणाल्या. दारात त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "लिफ्टपर्यंत सरळ जा. मागून हाक आली तर ओ द्यायची नाही, वळायचं नाही. माझ्या आवाजात आली तरी."

पॅसेज लांबलचक होता. अर्ध्यावर गेले आणि मागून काकूंचा आवाज आला. "शलाका, थांब गं जरा." मी चालत राहिले. पुन्हा आला, या वेळी बारीक, धाप लागल्यासारखा. "शलाका..." मी लिफ्टचं बटण दाबलं, आत शिरले आणि दार मिटेपर्यंत डोळे घट्ट मिटून घेतले.

बेलव्ह्यूला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी बिल्डिंगच्या मॅनेजरचा फोन आला. काकू पॅसेजमध्ये, दारापासून चार पावलांवर पडलेल्या सापडल्या होत्या. हार्ट अटॅक. डॉक्टरांच्या मते आदल्या दुपारी, म्हणजे मी निघाले त्याच सुमाराला. लनाईच्या दाराची कडी आतून लावलेलीच होती.

ती हाक काकूंची होती की त्या दुसऱ्याची, हे मला कोणी सांगू शकणार नाही. नवरा म्हणतो, तू त्यांचं ऐकलंस, तुझी चूक नाही. खरं असेल. पण त्या धाप लागलेल्या आवाजाला मी पाठ दाखवली, हे माझं मला माहीत आहे. आता हाक ऐकू आली की मी हातातलं टाकून ओ देते. परवा भाजी चिरताना तशीच ओ देऊन बाहेर आले, तर नवरा सोफ्यावरून चमकून म्हणाला, "अगं, मी हाक मारलीच नाही तुला." नसेल मारली. पण काकूंची असेल, तर ती मला पुन्हा रिकामी जाऊ द्यायची नाही.