लाल दिव्यातलं कुंकू

खुर्चीत बसलेला माणूस सव्वीस वर्षांचा होता. मला तो मिनिटाभरात ऐंशीचा करायचा होता, तोही स्टेजवर, उजेडात, पडदा न पाडता.

"प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत व्हायला पायजे, भाऊ," देशमाने सर म्हणाले. "अंधार करून दाढी चिकटवायची न्हाय. ते बेंबळी गावच्या खेळात करून झालं."

"मग? काय झालं बेंबळीत?"

खुर्चीतला वसंत म्हणाला, "दाढी उलटी लागली. केसात पीठ टाकलं होतं, ते शिंक आली तसं उडालं. दोन हजार वर्षांनी पृथ्वीवर आलेला माणूस, आणि पब्लिक हसून हसून लोळत होतं."

त्या काळी मी उस्मानाबादेत राहून रंगभूषेची कामं करत होतो. शाळांची गॅदरिंगं, हौशी मंडळांची नाटकं, जिथून बोलावणं येईल तिथं पत्र्याची रंगपेटी घेऊन एसटीनं जायचं. देव, राक्षस, राजा, भिकारी, सगळे केले होते. म्हातारे तर किती केले त्याला गणती नाही. पण म्हातारा करायचा म्हणजे माणूस निवांत समोर बसतो, तासभर आपण सुरकुत्या काढतो, क्रेपची दाढी स्पिरिट गमनं चिकटवतो आणि तो म्हाताराच बनून स्टेजवर जातो. क्रेप म्हणजे दाढीमिशांसाठी मिळणारे नकली केस आणि स्पिरिट गम म्हणजे ते चिकटवायचा डिंक. लोकांसमोर तरुण माणूस म्हातारा होतोय, हे मी कधी केलं नव्हतं. कुणी केल्याचं ऐकलंही नव्हतं.

पुढं फार वर्षांनी नातवानं टीव्हीवर परदेशातली एक जुनी अंतराळाची मालिका दाखवली. तिच्यात एक माणूस असाच बघता बघता म्हातारा होतो. मी नातवाला सांगितलं, त्यांचं सोपं आहे. कॅमेरा थांबवायचा, थोड्या सुरकुत्या वाढवायच्या, पुन्हा चालू करायचा, आणि मग ते तुकडे एकात एक मिसळायचे. माणूस तिथं दिवसभर खुर्चीत बसलेला असतो. आमच्याकडे थांबवायला काही नव्हतं. खेळ तुळजापुरात होता. समोर माणसं बसलेली असणार होती, आणि तीही तिथली.

देशमाने सर तुळजापूरच्या शाळेत विज्ञान शिकवत. रशियाचा माणूस आभाळात जाऊन आल्यापासून त्यांचं डोकं खाली येतच नव्हतं. त्यांच्या नाटकातला तरुण यानात बसून ताऱ्यांकडे जातो. तिकडे त्याला काळ लागत नाही. परत आल्यावर पृथ्वीवर पाय टेकतो, आणि चुकलेला सगळा काळ एकदम त्याच्या अंगावर येतो. ऐकतानाच माझ्या अंगावर काटा आला होता. असा प्रसंग बेंबळीत उलट्या दाढीनं वाया जावा, याचं मला सरांइतकंच वाईट वाटलं.

पण सरांपेक्षा जास्त लागलं होतं वसंताला. तो त्याच शाळेत मास्तर होता. बेंबळीनंतर पोरं वर्गात त्याला बघून शिंकत. त्याचे वडील अण्णा तुळजापुरातले जुने पुजारी. चार माणसांत मान असलेला माणूस. बेंबळीची हकीकत त्यांच्यापर्यंत पोचायला एक दिवसही लागला नाही. त्यांनी वसंताला सरळ सांगितलं होतं, "एक खेळ गावात हाय म्हणतोस ना? कर. पर आपल्या घराण्याचं परत हसं झालं, तर तोंडाला रंग लावायचा न्हाय. कधीच न्हाय." वसंतानं तसा शब्द दिला होता. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा त्याचा आवाज इतका लहान झाला, की हा माणूस स्टेजवर शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोचतो असं वाटावं. नाटकावाचून तो जगला असता, पण कसाबसा.

मला युक्ती सुचली ती एका फोटोग्राफर मित्रामुळे. त्याच्या डार्करूममध्ये लाल दिवा असे. एकदा मी तिथं कागदावर लाल पेन्सिलीनं काही लिहिलं आणि लिहिलेलं दिसेचना. बाहेर उजेडात आणलं तर ठळक. मला ते आठवलं. लाल उजेडात लाल रंग लपतो. तोच रंग हिरव्या उजेडात धरला तर काळा दिसतो. म्हणजे सुरकुत्या आधीच लाल रंगानं काढून ठेवायच्या. स्टेजवर लाल उजेड असेपर्यंत माणूस तरुण. लाल कमी करत हिरवा वाढवला, की सुरकुत्या आपोआप वर येतील. केसांचं याच्या उलट. केसांना हिरवा रंग लावायचा. तो लाल उजेडात काळा दिसतो आणि हिरव्यात पांढुरका.

माझ्या पेटीतल्या रंगाच्या लाल कांड्यांनी मात्र दगा दिला. त्यांत तपकिरी मिसळलेला असे, तो लाल दिव्यातही डोकावायचा. गेरूचंही तेच. मी वैतागून खोलीबाहेर आलो तर समोर कुंकवाची दुकानं, रंगाचे ढीगच्या ढीग लावलेले. तुळजापुरात बसून मी लाल रंग शोधत होतो. स्वतःच्याच कपाळाला हात लावला आणि एक पुडी घेऊन आलो. बायका कुंकवाखाली लावतात ते मेण पातळ करून त्यात कुंकू कालवलं, वसंताच्या गालावर एक रेघ ओढली आणि लाल बल्बखाली धरलं. रेघ गेली. सर मोठ्यानं हसले आणि लगेच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

उजेडाचं काम सरांनी आणि गावच्या वायरमननं मिळून केलं. दिवे हळूहळू कमी-जास्त करायला डिमर लागतो. तो आमच्याकडे कुठला? दोन चिनी मातीचे पाइप उभे केले, तळं बंद केलं, आत मिठाचं पाणी भरलं. तळाशी एक पत्रा, वर दोरीला बांधलेला दुसरा. वरचा पत्रा खाली सोडला की दिवा वाढतो, वर ओढला की कमी होतो. एक पाइप लाल दिव्यांचा, एक हिरव्यांचा. वायरमन रबरी बूट घालून, लाकडी फळीवर उभा राहून दोन्ही दोऱ्या धरणार होता. मी त्याला पुन्हा पुन्हा बजावलं, "मध्ये रेंगाळू नका. दोन्ही दिवे सारखे झाले तर रंग रंग म्हणूनच दिसंल, आणि पब्लिक म्हणंल पोळ्याचा बैल आला."

ते खोटं नव्हतं. खेळाच्या दिवशी साध्या दिव्यात वसंताला रंगवून झालं तेव्हा तो खरोखर तसाच दिसत होता. चेहऱ्यावर, मानेवर, हातांच्या पाठीवर लाल रेघांचं जाळं आणि डोक्यावर पोपटी केस. सुरकुत्या मी मनच्या काढल्या नव्हत्या. त्याला हसायला, चिडायला, डोळे बारीक करायला लावलं आणि कातडी जिथं दुमडते तिथंच रेघ ओढली. माणसाचं म्हातारपण त्याच्या तोंडावर आधीच आखलेलं असतं, आपण फक्त गिरवायचं. कपाळावर मी तीनच बारीक आठ्या काढल्या. कपाळ रुंद होतं, जास्त गर्दी शोभली नसती.

मग त्याला विंगेतल्या लाल बल्बखाली नेलं. जाळं गेलं. पोपटी केस काळे झाले. समोर सव्वीस वर्षांचा स्वच्छ चेहरा. मी खूश होऊन मिठाचं पाणी बघायला गेलो. पडदा वर जायच्या आधी येऊन पुन्हा एकदा बघितलं. तसाच स्वच्छ. वसंत जरा गप्प होता. मला वाटलं, भीतीनं.

नाटक चांगलं चाललं. लोक ऐकत होते, पण सावरून बसले नव्हते. बेंबळीची गंमत बऱ्याच जणांना ठाऊक होती आणि ती कधी येते याचीच काही जण वाट बघत होते. अण्णा पुढच्या रांगेत कडेला, पागोटं घालून ताठ बसले होते. शेवटच्या अंकात यान उतरलं. वसंत लाल उजेडात पुढं आला, वाकला आणि स्टेजवर हात टेकवून म्हणाला, "हीच माझी माती." मी वायरमनला खूण केली.

लाल उजेड उतरायला लागला. आधी डोळ्यांखाली सावली आली. मग गाल आत गेले. नाकाच्या दोन्ही बाजूंनी खोल रेघा खाली आल्या, मान सुकली, हातांवर शिरा उठल्या. केस पिकत गेले. हे सगळं मीच रंगवलं होतं, तरी मी विंगेतला पडदा घट्ट धरला. मला रंग दिसतच नव्हता. मला एक माणूस संपत जाताना दिसत होता. वसंतानं खांदे सोडले आणि गुडघे वाकवले.

आणि मग त्याचं कपाळ काळं झालं.

तीन आठ्या नव्हेत. एका कानशिलापासून दुसऱ्यापर्यंत सगळं कपाळ, भुवयांच्या वरपासून केसांपर्यंत. मी हे केलं नव्हतं. आता हसतील, मला वाटलं. आता ती शिंक येणार.

कुणी हसलं नाही. बायकांच्या बाजूनं एक म्हातारी हळूच उठून उभी राहिली, मग तिच्या शेजारची. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "आराधी हाय गं." मग मलाही दिसलं. देवीचे आराधी, गळ्यात कवड्यांची माळ घालून, हातात परडी घेऊन जोगवा मागणारे, जन्मभर कपाळावर मळवट भरतात. मळवट म्हणजे सबंध कपाळाला कुंकू. वर्षानुवर्षं भरून त्यांची कातडी काळपट पडते, मग कुंकू पुसलं तरी कपाळ उजळत नाही. तुळजापुरात प्रत्येकानं असं म्हातारं कपाळ जवळून पाहिलेलं असतं. माझ्या सुरकुत्या कुठल्याही गावातल्या म्हाताऱ्याच्या होत्या. ते कपाळ त्यांच्या गावातलं होतं.

पडदा पडला. मग टाळी वाजली ती थांबेना. देशमाने सरांनी विंगेत चष्मा काढून डोळे पुसले. मी वसंताकडे धावलो.

"कपाळाला काय लावलंस?"

"मी न्हाय लावलं. तुम्ही पाणी बघाया गेलात तवा अण्णा आले होते. बेंबळीपासून माझ्याशी नीट बोलले नव्हते. आले आणि काही न बोलता कनवटीची पुडी काढून मळवट भरला. पर तिथं लाल दिवा. त्यांना कुंकू दिसंना. लागलं न्हाय असं वाटून परत भरलं. मग आणखी एकदा."

"अरे, मग सांगायचं तरी. पुसून नीट केलं असतं."

"काळं होणार, ते मला कळत होतं की," वसंत म्हणाला. "पर अण्णांनी लावलेलं. पुसवलं न्हाय."

हसं टाळायचं तर पुसायला हवं होतं, आणि ज्याला शब्द दिला त्याचंच कुंकू. मी रुमाल आणि खोबरेल तेल काढलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "थांबा. पुसू नका."

अण्णा स्टेजवर चढून आले होते. त्यांनी वायरमनला हिरवा दिवा तसाच ठेवायला सांगितलं, वसंताला स्टुलावर बसवलं आणि त्याच्यासमोर उभे राहिले. मग त्यांनी बोटानं लेकाच्या गालावरची रेघ लांबूनच, न शिवता, वरून खाली माग काढत नेली.

"माझे वडील शेवटी असेच दिसायचे," ते मला म्हणाले. "हेच कपाळ. असंच तोंड." मग म्हणाले, "भाऊ, बापाला पोराचं म्हातारपण बघाया मिळत न्हाय. लई झालं तर टक्कल पडलेलं दिसतं. म्या बघितलं आज. लई मोठा हुन्नर हाय तुमचा."

माझे वडील मी विशीत असताना गेले. त्यांनी माझ्या तोंडावर नव्यानं आलेल्या दाढीपलीकडे काही पाहिलं नाही. आज मी अण्णांच्या तेव्हाच्या वयापलीकडे आलोय, आणि कधी कधी आरशात दाढी करताना वाटतं, कुणीतरी एकदा हिरवा दिवा लावून त्यांना हे दाखवायला हवं होतं.

वसंत खाली मान घालून म्हणाला, "अण्णा, मग नाटक…?"

"कर," अण्णा म्हणाले. "पर घरी येताना तोंड धुऊन ये. आई दारात आसंल. तिला हे दाखवू नको."

वसंतानं पुढं पुष्कळ नाटकं केली. मी त्याचे म्हातारे रंगवत राहिलो. हळूहळू रंग कमी लागायला लागला, आणि शेवटी शेवटी लागतच नसे. रेघा बऱ्याचशा मी ओढल्या होत्या तिथंच आल्या. कपाळ मात्र अखेरपर्यंत गोरं राहिलं.

त्या दिवसापासून मी एक शिस्त लावून घेतली. रंग झाला की माणसाला स्टेजवर जितके दिवे लागणार असतील तितक्या सगळ्यांखाली उभा करून बघतो. आणि विंगेत सोडण्याआधी विचारतो, घरचं कुणी भेटून गेलं का?