युद्धाच्या रस्त्यावर मागाची खूण

आधीच सांगतो, मी घासाघीस केल्याशिवाय कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेत नाही. भुताखेताच्या गोष्टी तर नाहीच नाही. कुणी असा अनुभव सांगायला लागलं की मी उलटतपासणी घेऊन त्याला रडकुंडीला आणायचो. तेव्हा हे वाचून तुम्ही मला धारेवर धरलंत तरी माझी तक्रार नाही.

मी सोलापूरचा, भवानी पेठेतला. घर विणकरांचं, बोली तेलुगू. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. ते जन्मभर यंत्रमागावर राबले. पत्रकारितेत माझं कुणी ओळखीचं नव्हतं. लग्नांचे व्हिडिओ काढून कॅमेरा घेतला आणि स्वतःच्या हिमतीवर युक्रेनला गेलो. तिथून एका चॅनेलला फुटेज पाठवायचो. चॅनेलचं नाव लिहीत नाही, पण राग लिहिणारच — आघाडीवर जीव मुठीत धरून शूटिंग माझं, आणि त्यावर आवाज स्टुडिओतल्या मोठ्या साहेबांचा! माझं नाव कुठंच नाही.

त्या सकाळी कळलं, आघाडीजवळच्या एका गावातून म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढतायत... आणि दुपारी साहेब स्वतः तिथं येणार. मला त्यांच्या आधी पोचायचं होतं. या वेळी कॅमेऱ्यासमोर उभा राहून, नाव सांगून बातमी द्यायची होती.

माझा ड्रायव्हर आंद्री, तिथलाच. मोडक्या इंग्रजीत आमचं भांडण सुरू झालं.

"बागेकडून जाऊ. लांब पडेल, पण झाडांचा आडोसा आहे."

"सरळ रस्त्यानं चल."

"तो उघडा आहे."

"तू ड्रायव्हर आहेस की माझी आई?"

"आई असतो तर तुला घरीच बांधून ठेवलं असतं."

शेवटी मी इतका आरडाओरडा केला की त्यानं गाडी सरळ रस्त्याला घातली. तिकडं गाडीच्या काचा थंडीतही खाली ठेवतात, ड्रोनचा आवाज यावा म्हणून. सीटबेल्ट लावत नाहीत, उडी मारता यावी म्हणून.

एका छोट्या पुलाजवळ, रस्त्याच्या कडेला, तपकिरी जॅकेटातला एक माणूस उभा दिसला. त्यानं दोन्ही हातांच्या चिमट्या एकमेकींना लावल्या आणि झटकन लांब ओढल्या. मग पंजा खाली दाबला.

यंत्रमागाच्या कारखान्यात खटखटीमुळं शेजारच्याचंही बोलणं ऐकू येत नाही. सगळा कारभार हातांनी चालतो. चिमट्या लांब ओढल्या — धागा तुटला. पंजा खाली दाबला — माग बंद कर. लहानपणी नानांच्या कारखान्यात ही खूण दिसली की मी हातातलं टाकून बटणाकडं धावायचो.

"थांब!" मी मराठीतच किंचाळलो. आंद्रीला शब्द कळला नाही, पण त्यानं ब्रेक दाबला.

आणि समोरचा रस्ता फुटला. जिथं आमची गाडी असायला हवी होती, बरोबर तिथं. काचेवर चिखल आला. आंद्रीनं गाडी तशीच उलटी पळवली. मी मान वळवून पाहिलं, पुलाजवळ कुणी नव्हतं. दोन्हीकडं सपाट शेत, लपायला झुडूपसुद्धा नाही.

"तो माणूस कुठं गेला?" आंद्रीनं विचारलं. म्हणजे त्यालाही दिसला होता...

मी नंतर तिथल्या सैनिकांना ती खूण करून दाखवली. त्यांच्यात तसली खूणच नाही. आणि हो, साहेब त्या गावात पोचले, टीव्हीवर झळकले. तो राग अजून तसाच आहे. पण मी जिवंत आहे, आणि खरं सांगायचं तर हल्ली तेवढ्यावर मी खूश असतो.

सोलापूरला आल्यावर नानांना सगळं सांगितलं, खूण करून दाखवली. ते माझ्या हातांकडं बघत राहिले.

"मधल्या बोटानं का दाखवूलालास बे?"

मी हात पाहिला. चिमटी अंगठा आणि मधल्या बोटाची होती. पाहिलं तसंच माझ्या हातून झालं होतं.

"तसं एकच माणूस करायचा. आपला नरसय्या."

नरसय्यामामा नानांच्या कारखान्यातले माग दुरुस्त करणारे. त्यांच्या दोन्ही हातांच्या तर्जन्या मागानं खाल्ल्या होत्या. मी चटकन हात खाली घेतला. म्हटलं, "कधी वारले ते?"

"वारतोय कशाला? आत्ता चहा पिऊन गेला की!"

दुसऱ्या दिवशी मामांच्या घरी गेलो आणि तिथून आंद्रीला व्हिडिओ कॉल लावला. मागाच्या खटखटीत वाढलेली आम्ही माणसं समोरच्याचे हात बघतो, त्यामुळं मी पुलाजवळचा चेहरा पाहिलाच नव्हता. आंद्रीनं पाहिला होता.

तो जेवत होता. स्क्रीनवर मामा आले आणि त्याचा घास हातातच राहिला.

"कोण हाय बे हा गोरा?" मामा म्हणाले.

आंद्रीनं घास खाली ठेवला. मग म्हणाला, "त्यांना विचार, त्या दिवशी ते नीट घरी पोचले का? मी त्यांना शोधायला परत गेलो होतो."

मी मामांना ते आमच्या बोलीत सांगितलं.

"मी हैद्राबादच्या पुढं कधी गेलो न्हाय बे," मामा म्हणाले. मग स्क्रीनकडं परत एकदा निरखून पाहिलं आणि माझ्या कानाशी वाकले. "पर पोचलो म्हणून सांग की. बिचारा लई काळजी करूलालाय."

मी तसंच सांगितलं. आंद्रीनं मोठा श्वास सोडला आणि जेवायला लागला. स्पष्टीकरण आम्हा तिघांपैकी कुणाकडंच नाही.