प्रमुख पाहुण्या वाटेत आहेत

दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता माझ्या. कारण सांगते, पण हसू नका हं. मला भीती होती ती एका शब्दाची. ‘आई’!

सानू झाल्यानंतर तीन वर्षांनी मी पहिल्यांदा माईक हातात धरणार होते. चामोर्शीचा रानभाजी महोत्सव, तोही जिल्ह्याच्या चॅनेलवर थेट. नीट पार पडला, तर दर आठवड्याचा कार्यक्रम माझा. नाही तर कॉलेजातली एक पोरगी तयारच होती! सासूबाई भाताच्या रोवणीला गावी, नवरा ड्यूटीवर. म्हणजे सानू माझ्यासोबत. ऐन प्रक्षेपणात ती “आई, शू!” ओरडली तर? शंभरदा बजावलं, “तिथं मला आई म्हणायचं नाही. तिथं मी नुसती बाई.”

गडचिरोलीहून एसटी खचाखच. एका म्हाताऱ्या बाईंनी सानूला मांडीवर घेतलं. त्याही महोत्सवालाच निघाल्या होत्या. उतरेपर्यंत मी त्यांना माझी सगळी चिंता ऐकवली आणि वर विचारलं, “कार्यक्रमभर हिला धराल का?”

“धरीन ना बाई. त्यात काय!”

मंडपात वेगळंच संकट. प्रमुख पाहुण्या तानाबाई, धानोऱ्याकडच्या, रानातली भाजी न् भाजी ओळखणाऱ्या, अजून आलेल्याच नव्हत्या. त्यांना कुणी पाहिलेलंही नव्हतं; बोलणं सगळं मुलाच्या फोनवर झालेलं. आणायला गाडी गेली होती. आयोजक भाऊ घामाघूम. “म्याडम, ड्रायव्हर फोन उचलून नाई राह्यला! वेळ काढा, काहीबी बोला!”

कॅमेरा सुरू झाला. काहीबी बोलायचं ना? “तानाबाईंची गाडी निघालेली आहे!” मी ठोकून दिलं. दहा मिनिटांनी ती गाडी मी गडचिरोलीत आणली. आणखी दहा मिनिटांनी पावसात अडकवली. टाळ्या पडत होत्या, थापा संपत आल्या होत्या.

तेवढ्यात मागच्या रांगेतून त्या बसमधल्या बाईंनी हात वर केला. सानू मांडीवर गाढ झोपलेली. आता हे काय नवीन? मी ओठांवर बोट ठेवलं. बाईंनी हात खाली घेतला. पुन्हा हात! मी डोळे वटारले. हात पुन्हा खाली.

तिसऱ्यांदा मात्र सानूला खांद्यावर टाकून त्या थेट मंचाकडे निघाल्या. सानू जागी होणार, ‘आई’ म्हणणार, संपलं सगळं!

“बाई, मागंच बसा ना!” मी चक्क माईकवर बोलले. “प्रमुख पाहुण्या येताहेत!”

“अवो, मीच तानाबाई आहो. तुमच्या गाडीची वाट कोण पाहते, मी सकाळीच एसटीनं निघाली. पोरगी झोपली होती म्हून उठत नोहती.”

अख्खा मंडप हसला. आयोजक भाऊंनी कपाळावर हात मारला. मी? लोकांना प्रश्न विचारणं हाच माझा धंदा, आणि एसटीत शेजारच्या बाईला साधं नावही विचारलं नव्हतं!

गोंगाटानं सानू जागी झाली. माईक तिच्या तोंडापासून वीतभर लांब, कॅमेरा तिच्यावर. मी डोळे घट्ट मिटले.

पण पोरगी शहाणी. आई म्हणालीच नाही. तानाबाईंच्या गळ्यात हात टाकून म्हणाली,

“आजी, ही बाई बसमध्ये बी अशीच बोलून राह्यली होती ना?”